कुंडीतल्या मुळांना गोधडी कुठली?

दिवाळी झाली, आकाशकंदील अजून उतरवलेला नाही, आणि फोंड्यात पहाटे अंगणात फुलं काढायला गेलं की पावलं दवाने भिजतात. नोव्हेंबरच्या अंकासाठी पत्रांचा गठ्ठा सोडला तर यंदा चारही पत्रांत थंडी. गंमत अशी की त्यातली खरीखुरी थंडी एकीच्याच वाट्याला आली आहे, तीही तिच्या लेकीच्या. त्या पत्राला जागा जास्त देते. बाकीच्यांनी राग धरू नये.

ताई, माझी मुलगी इंग्लंडात स्विंडनला असते. गेल्या वर्षी त्यांनी तळमजल्याचं घर घेतलं. मागे फरशी घातलेली जागा आहे, तिला ती पॅटिओ म्हणते, उन्हाळाभर लख्ख ऊन. हौसेने तिने बोगनवेल, जिरेनियम, तुळस आणि लव्हेंडर लावली. जानेवारीपर्यंत सगळं गेलं, मातीच्या दोन कुंड्याही फुटल्या. लव्हेंडर थंडीला पक्की असते असं विकणारा म्हणाला होता. मग ती का मेली? आता काय लावावं? मी इथून रोपं पाठवू का? — एक आई, म्हापसा

स्विंडन वाचलं आणि मी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचायला घेतलं. गोव्यात कुठल्याही वाड्यावर विचारा, कुणा ना कुणाचं माणूस स्विंडनला असतंच. आमचा धाकटाही तिथेच. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे लागोपाठ दोन हिवाळे काढले आणि तुमच्या लेकीने केल्या त्या सगळ्या चुका तिच्याआधी करून ठेवल्या. तेव्हा तिला बोलू नका.

आधी लव्हेंडर. विकणारा खोटं बोलला नाही. तिकडे रोपांच्या पट्टीवर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेची एक प्रतवारी असते, एच १ पासून एच ७ पर्यंत. आकडा मोठा तितकं झाड थंडीला कणखर. एच २ म्हणजे पारा शून्याखाली गेला की झाड गेलं. एच ४ उणे १० अंशांपर्यंत तगतं, एच ५ उणे १५ पर्यंत, आणि एच ७ तर उणे २० च्याही खाली. ‘हिडकोट’ नावाची इंग्लिश लव्हेंडर एच ५ मध्ये बसते. स्विंडनच्या नेहमीच्या हिवाळ्यात पारा उणे १५ च्या जवळपासही जात नाही.

पण तो आकडा जमिनीत लावलेल्या झाडाचा धरायचा. जमिनीतलं मूळ माजघरात निजलेल्या माणसासारखं असतं. वर कितीही गारठा पडो, हातभर खाली माती ऊब धरून असते. कुंडीतलं मूळ म्हणजे उघड्या ओसरीवर बाजेवर निजलेलं माणूस, त्याला गारवा खालूनही लागतो. शिवाय मूळ मुळातच फांदीइतकं थंडीचं सराईत नसतं, जमिनीत त्याच्यावर तशी वेळ सहसा येतच नाही. म्हणून कुंडीसाठी झाड घेताना पट्टीवरचा आकडा एक पायरी तरी वरचा बघायचा. त्या गावात जमिनीला एच ४ पुरत असेल तर कुंडीला एच ५.

इतकं सांगूनही तुमच्या लेकीची लव्हेंडर थंडीने गेली असं मला वाटत नाही. ती बुडून मेली असणार.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एक हिडकोट अशीच घालवली. फेब्रुवारीत कुंडी आडवी करून बुडाला थाप मारली, तर मातीचा गड्डा अख्खा बाहेर आला. काळा, जड, तुंबलेल्या मोरीचा वास मारणारा. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल पायमोज्यासारखी सरकून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला. पंचवीस वर्षं मुलांना मुळाचा आडवा छेद फळ्यावर काढून दाखवला, पण कुजलेलं मूळ कसं उलगडतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कारणही तिथेच होतं. सुनेच्या फरशीला डाग पडू नयेत म्हणून कुंडीखाली मीच बशी ठेवली होती. नोव्हेंबरपासून ती कधी कोरडी झालीच नव्हती.

आपल्याला वाटतं, पाऊस म्हणजे आपला. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर कोसळतो, स्विंडनला साधारण त्याच्या पाव हिस्सा. पण आपला चार महिन्यांत उरकतो आणि मध्ये ऊन पडलं की दोन तासांत कुंडी वाफाळते. तिथला बारा महिने रिपरिपतो आणि हिवाळ्यात माती सुकवायला ऊन नाही. लव्हेंडर ही भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरची बाई. कोरड्या थंडीला ती भीत नाही. ओल्या पायांनी मात्र तिला चार महिने उभं राहवत नाही.

तेव्हा लेकीला पहिलं काम सांगा: सगळ्या बश्या काढून टाकायच्या आणि प्रत्येक कुंडी फरशीपासून दोन बोटं उचलून ठेवायची. आपण चिऱ्याचे तुकडे लावतो, तिथे तयार पाय मिळतात, विटेचे तुकडेही चालतील. लव्हेंडरसारख्या झाडांना विकतच्या मातीत चौथा हिस्सा तरी जाडी खडी मिसळायची. तिथे ‘जॉन इन्स’ म्हणून मातीचं एक जुनं, नावाजलेलं मिश्रण मिळतं, त्यातलं तीन नंबरचं बरीच वर्षं कुंडीत राहणाऱ्या झाडांना चांगलं. नुसत्या पालापाचोळ्याच्या हलक्या खतापेक्षा ते जड असतं, म्हणून वाऱ्यात कुंडीही लवंडत नाही.

कुंड्या फुटल्या त्याचं कारण सोपं आहे. भाजलेली माती पाणी पिते, आणि पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. माझ्या कुंडीला आधी खारीच्या बिस्किटासारखे पापुद्रे सुटले, मग एका सकाळी ती उभी उकलली. आमच्या डिचोलीच्या कुंभाराची कुंडी आज्जीपासून नातीपर्यंत टिकते, कारण तिला बर्फ म्हणजे काय हे ठाऊकच नाही. तिथे ‘फ्रॉस्टप्रूफ’ लिहिलेली, जास्त आचेवर भाजलेली कुंडी घ्यावी, नाहीतर लाकडी पिंप किंवा जाड प्लास्टिकची. आणि गळ्याशी अरुंद असलेली सुरईच्या घाटाची कुंडी दिसायला कितीही देखणी असली तरी नको. गोठलेली माती वर सरकायला वाव मिळाला नाही की बाजूला रेटते.

आता उन्हाचं. ‘उन्हाळाभर लख्ख ऊन’ असं तुम्ही लिहिलंय ते बरोबर, पण हिवाळ्यात काय, ते लेकीने एकदा बाहेर उभं राहून बघावं. २१ डिसेंबरला भर दुपारी पणजीत सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवर असतो. त्याच दिवशी स्विंडनला फक्त १५. सहा फुटी लाकडी कुंपणाची सावली तेव्हा बावीस फूट लांब पडते. म्हणजे जूनमध्ये जिथे बसून लोक लाल होतात ती फरशी डिसेंबर-जानेवारीत दिवसचे दिवस ऊन पाहत नाही. तेव्हा ऊन लागणाऱ्या कुंड्या ऑक्टोबरातच घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी सरकवायच्या. भिंत दिवसा जे थोडं ऊन खाते ते रात्री परत देते, आणि घरातली ऊबही थोडी झिरपतेच.

जिरेनियमचा घोळ नावाचा आहे. खिडक्यांत लाल-गुलाबी फुलांचे झुपके दिसतात, त्याला बाजारात जिरेनियम म्हणतात, पण ते खरं पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. हिमाचा कडाका लागला की त्याचं पाणी होतं. खरं जिरेनियम, ज्याला तिथे क्रेन्सबिल म्हणतात, ते हिवाळ्यात जमिनीलगत मरून गेल्यासारखं दिसतं आणि वसंतात कोंब काढतं. पट्टीवरचं लॅटिन नाव वाचून घ्यावं, विकणाऱ्याच्या तोंडचं नव्हे.

बोगनवेल ब्राझीलची. आपल्या बल्कांवावर, म्हणजे दारासमोरच्या बसायच्या ओट्यावर, ती कुणी न विचारता माजते, तिथे तिला काचेच्या उबदार खोलीतच हिवाळा काढायला लागतो. तुळशीचंही तेच. ऑक्टोबर लागला की घरात, सर्वांत उजेडाच्या खिडकीत, आणि तरीही ती रोडावेल. सून दरवर्षी मेच्या अखेरीस बी पेरून नवी तुळस करते आणि तुळशीच्या लग्नाला जी काही चार पानं उरली असतील त्यांचंच लग्न लावते. देवाची हरकत दिसत नाही.

मग लावायचं काय? मला विचाराल तर सगळ्यांत आधी सेम्परव्हायव्हम. नाव लांब आहे, झाड तळहाताएवढं. गुलाबाच्या आकाराच्या मांसल पानांचा गुच्छ, एच ७. पसरट परातीएवढ्या कुंडीत खडी आणि थोडी माती, बस्स. बर्फ अंगावर घेऊन बसतं आणि वसंतात भोवती पिल्लं घालतं. मी सुनेला एक दिलं होतं, आता तिच्याकडे तीन परातींत आहेत. त्यानंतर थाइम, सेडम, आणि खुजा म्यूगो पाइन, हेही थंडीला भीत नाहीत. पाइन फार सावकाश वाढतो म्हणून कुंडीला बरा. रोझमेरी आणि बे लॉरेल, म्हणजे तमालपत्राचा युरोपातला भाऊ, दोन्ही एच ४. भिंतीच्या आडोशाला ठेवली तर चालतात आणि स्वयंपाकघरातही लागतात.

एक माझं लाडकं सांगते: ‘ब्राउन टर्की’ अंजीर. अंजिराच्या मुळांना जागा कमी मिळाली की ते पानं कमी आणि फळं जास्त धरतं, म्हणून कुंडी त्याला मानवते. पानं झडून नुसत्या काड्या उरल्या की घाबरायचं नाही. ऊन लागणाऱ्या भिंतीशी ठेवलं तर ऑगस्टच्या शेवटाला फळं पिकतात. स्विंडनच्या मागीलदारी उभं राहून झाडावरचं अंजीर तोडून खाताना मला आमच्या मळ्याची फार आठवण आली, इतकंच सांगते.

आणि हा नोव्हेंबर आहे, म्हणजे ट्यूलिपच्या कांद्यांचा महिना. त्यांना थंडी सोसते असं नव्हे, त्यांना थंडी लागतेच. तीन-चार महिने गार मातीत निजल्याशिवाय दांडा लांबत नाही. कांद्याच्या उंचीच्या अडीच-तीनपट खोल लावायचे, टोक वर. त्याच कुंडीत वर पँझी किंवा व्हायोलाची रोपं लावली तर तोवर कुंडी बोडकी दिसत नाही. बाकीची झाडं लेकीने आत्ता घेऊ नयेत, मार्च-एप्रिलमध्ये घ्यावीत. मग मुळांना रुळायला अख्खा उन्हाळा मिळतो. आणि ऑगस्टनंतर खत बंद. खताच्या जोरावर उशिरा फुटलेले कोवळे कोंबच थंडी आधी टिपते.

कडाका पडला की कुंडीला गोणपाट नाहीतर फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळायचं. कुंडीला, झाडाला नव्हे. मी बे लॉरेलला अख्खीच्या अख्खी प्लास्टिकची पिशवी चढवली होती आणि पंधरा दिवसांनी आत बुरशीची लोकर निघाली. दुसरं, जे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं: सदाहरित झाड थंडीत तहानेनेही मरतं. माती गोठली की मूळ पाणी ओढू शकत नाही, आणि वर पानांतून मात्र वारा पाणी नेत राहतो. छपराच्या वळचणीखालच्या कुंड्यांवर तर पाऊसही पोचत नाही. तेव्हा बर्फ वितळलेल्या एखाद्या दुपारी बोट घालून बघायचं, माती कोरडी असेल तर तांब्याभर पाणी.

तुम्ही इथून रोपं पाठवू नका. रोगकीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र असल्याशिवाय तिथे रोप नेता येत नाही, आणि मातीसकट तर विषयच सोडा. सामानात सोलं न्या, लोणचं न्या. कढीलिंबाचं रोप तिला तिथेच मिळेल. ते मात्र तुळशीशेजारी, खिडकीत.

आमचा फ्लॅट मिरामारला, सहाव्या मजल्यावर. बाल्कनी पश्चिमेला, समुद्राकडे. दुपारी दोनपासून ऊन. मुलाने ऑनलाइन ‘हार्डी’ लिहिलेली रोपं मागवली: लव्हेंडर, दोन बुटके जुनिपर, एक सायप्रस. मे महिन्यात दोन गेली, पावसात बाकीची. हार्डी म्हणजे कणखर ना? — निवृत्त कर्मचारी, पणजी

कणखर, पण कशापुढे? बागकामाच्या इंग्रजीत हा शब्द थंडीपुरता आहे. तुमच्या मुलाने लोकरीचे कपडे मागवले आणि ते मे महिन्यात घातले. डिसेंबरातही पणजीत पहाटे पारा विशीच्या आसपासच घुटमळतो, तिथे उणे १५ चं प्रमाणपत्र काय कामाचं.

पण वरचं उत्तर वाचलं असेल तर तुमच्या लक्षात येईल, दुखणं तेच आहे. तिथे कुंडीतल्या मुळाला चहूकडून थंडी लागते, तुमच्याकडे चहूकडून ऊन. एप्रिलात दुपारी चार वाजता काळ्या प्लास्टिकच्या कुंडीच्या पश्चिमेच्या बाजूला तळहात लावून बघा. पाच आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर आतल्या मुळाची काय गत असेल? मातीचं तापमान चाळिशीला पोचलं की बऱ्याच झाडांची बारीक मुळं भाजायला लागतात. वर पानं कोमेजतात, आपण समजतो पाणी कमी पडलं, आणि भाजलेल्या मुळांवर आणखी पाणी ओततो.

उपाय खर्चाचा नाही. काळ्या कुंड्या पांढऱ्या रंगवा, किंवा लहान कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत काथ्या भरा. झाडं कठड्यापासून हातभर आत घ्या आणि कठड्याच्या आतल्या बाजूला लिंबूगवताची एक रांग लावा. कठड्यावर कुंडी नकोच. बारा इंची कुंडी भिजली की वीस किलोच्या पुढे जाते, आणि जूनमधला नैर्ऋत्येचा वारा तुमच्याच बाल्कनीत पहिला शिरतो. खालच्यांच्या गाडीची काच गेल्यावर झाडांवरून सोसायटीची बैठक भरते, हा अनुभव माझ्या बहिणीच्या इमारतीतला आहे.

खारा वारा आणि ऊन दोन्ही पेलतील अशी झाडं म्हणजे बोगनवेल, ॲडेनियम, चिनी गुलाब, सदाफुली. कण्हेरही, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात तोंडात घालण्याच्या वयाचं नातवंड असेल तर नको. बोगनवेलीला पाण्याचं कौतुक करू नका. थोडी तहानलेली राहिली तरच ती रंगते, रोज पाणी दिलं की नुसती पानं आणि काटे.

खरी परीक्षा मृगाला. पाऊस लागायच्या आत सगळ्या बश्या काढा, कुंड्या चिऱ्यावर चढवा, ॲडेनियम आतल्या भिंतीशी न्या आणि त्याला दोन महिने जवळजवळ विसरा. त्याच्या फुगीर बुंध्यात पाणी साठलेलंच असतं. बुंधा दाबून मऊ लागला तर आतून कुज सुरू झाली समजा.

आणखी एक. गोव्यात सगळेच कुंडीच्या बुडाला नारळाची सोडणं किंवा विटकरीचा थर घालतात, पाणी निथळावं म्हणून. माझी आईही घालायची. पण पाणी बारीक मातीतून जाड थरात सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडून बसतं. म्हणजे ओलीची पातळी उलट मुळांच्या जवळ येते. सोडणं तर वर स्पंजासारखी भिजून राहतात. भोकावर खापरीचा एकच तुकडा पुरे, आणि निथळायला हवं असेल तर जाडी रेती मातीतच मिसळा. हे लिहिल्यावर पुढच्या महिन्यात मला रागावलेली पत्रं येणार आहेत, येऊ देत.

महाबळेश्वरहून दर दिवाळीत लव्हेंडर आणते, दर पावसाळ्यात मरते. फ्रीजमध्ये ठेवून थंडी दिली तर? — मडगाव

नको, फ्रीजमध्ये दही ठेवा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंच आहे. वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात ना? हवेचा पारा तेव्हा बहुधा शून्याच्या वरच असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि गवत आपली ऊब आकाशाकडे सोडून देतात आणि हवेपेक्षाही गार होतात. लव्हेंडरला तसल्या रात्री चालतात. मडगावची जुलैतली घामट, दमट रात्र चालत नाही, तिला फ्रीज उतारा नाही.

तिला आपल्याकडे शेवंतीच्या सोबतीची हंगामी पाहुणी समजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठेवा, वास घ्या आणि मार्चात रीतसर निरोप द्या. वासच हवा असेल तर मरवा लावा. किंवा रोझमेरी, तीही त्याच भूमध्य वंशाची, पण पावसाच्या झडीपासून दूर, पडवीत ठेवली तर माझ्याकडे तिसरा पावसाळा काढते आहे.

गेल्या नाताळाला शेजारच्या बाईंनी लाल पानांचं झाड दिलं. पॉइन्सेटिया. वर्षभर छान वाढलं, पण हिरवंच. गोव्यात थंडी कमी म्हणून लाल होत नाही का? झाड बल्कांवावर, दाराजवळ आहे. — साळगाव

थंडीचा संबंध नाही. हे मेक्सिकोतलं झाड, थंडी त्याला आवडतही नाही. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, वरची पानं आहेत. फुलं मधली बारीक पिवळी. ती पानं लाल होतात रात्र लांबली की. गोव्यात ऑक्टोबरपासून रात्र बारा तासांहून मोठी होते आणि एवढ्याने त्याचं भागतं. पण रात्र सलग काळोखी हवी.

तुमच्या पत्रातला ‘दाराजवळ’ हा शब्द मी दोनदा वाचला. दाराजवळ म्हणजे दिव्याखाली. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाशकंदील, आणि शेजारच्या बाईंचं नाताळचं नक्षत्र लागेल ते वेगळं. त्या झाडाला बिचाऱ्याला अजून रात्र झालेलीच नाही. शेवंतीही अशीच रुसते. ट्यूबलाइटखालची शेवंती डिसेंबर उलटला तरी कळ्या धरत नाही, आणि लोक तिला खत घालत बसतात.

आजपासून संध्याकाळी पाचला झाड न्हाणीघराच्या मागच्या अंधारात न्या किंवा वर मोठा खोका उपडा घाला, सकाळी सातला काढा. दिवसा भरपूर उजेड द्या. मध्ये एका रात्रीही कुणी टॉर्च मारून ‘झालं का लाल’ म्हणून बघू नये. साधारण आठ आठवडे लागतील, म्हणजे हा नाताळ हुकला. जानेवारीत लाल होईल. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करा. रंग उतरला की मार्चमध्ये फांद्या निम्म्यावर छाटा. हातात काही घालून छाटा, त्याचा पांढरा चीक अंगाला लागला की खाजतं.